कपाटातली नावे

आम्ही नोकरदार माणसे. एकाची बदलीची सरकारी नोकरी, दुसरीची शाळेतली, तीही बदलीमागे फरफटणारी. १९९९ ते २०१२ या तेरा वर्षांत साताऱ्यापासून पुण्यापर्यंत भाड्याची सहा घरे झाली. त्या घरांच्या भिंतींचे रंग, नळाच्या वेळा, शेजारणींचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण घर मिळण्याआधी आम्हांला काय काय विचारले गेले ते मात्र घरागणिक वेगळे आठवते. पुढे योग असा आला, की ज्या कपाटात अशा उत्तरांच्या फायली ठेवतात त्या कपाटाची किल्ली आमच्याच घरी आली. दोन्ही बाजूंनी पाहिलेली ही गोष्ट एकदा लिहून काढावी असे बरेच दिवस मनात होते.

साताऱ्याला शनिवार पेठेत एका जुन्या वाड्यात आम्ही दोन खोल्या घेतल्या. मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांना सारा वाडा काकू म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. काकूंनी तीन प्रश्न विचारले. पगार किती, माणसे किती, आणि मटण घरात शिजवणार का? शिजवणार, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग मागची खिडकी उघडी ठेवत जा पोरी, वास जिन्यात कोंडतो." झाले आमचे व्हेरिफिकेशन! पुढच्या चार वर्षांत काकूंना आमच्याबद्दल काय ठाऊक नव्हते? पगाराची तारीख, अम्मी गावाहून कधी यायच्या ती वेळ, मुलीचा खोकला, आमची भांडणे, सगळे ठाऊक होते आणि ते बोळातही ठाऊक असे. काकू काही देवमाणूस नव्हत्या. ईदला शीरखुर्म्याचा डबा हक्काने मागून न्यायच्या, पण त्यांची बहीण आमच्याकडे पाण्याचा घोट घेत नसे, आणि त्याचे काकूंना वाईटही वाटत नसे. मात्र त्यांनी आमच्याविषयी कधी काही लिहून ठेवले नाही. २००३ मध्ये आम्ही वाडा सोडला, तेव्हा आमची माहिती त्यांच्या डोक्यात राहिली आणि त्यांच्याबरोबरच गेली.

सांगलीत एक घर, सोलापुरात दोन. सोलापूरचे दुसरे घर मोहल्ल्यातले. तिथे एकच प्रश्न होता, "किसके घरके?" आमच्या एका चुलत मामूंचे नाव सांगितले तेवढ्यावर घर मिळाले. नाव सांगायला मामू नसते तर काय, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही. तो पुढे यायचा होता.

२००९ मध्ये पुण्यात बदली झाली आणि तोंडी प्रश्नांचा काळ संपला.

आमचे आडनाव इनामदार. ज्या वाचकांची आडनावे देशमुख, पाटील, देसाई, कोतवाल अशी आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. फोनवर एजंट आडनाव ऐकून खूश व्हायचा. या सर, बघून घ्या, किल्ली माझ्याकडेच आहे. मग पूर्ण नाव विचारायचा. ते सांगितले की पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येत नसे. "सर, मालक म्हणत होते फक्त फॅमिलीला द्यायचे आहे." आम्ही फॅमिलीच आहोत हो, आम्ही सांगायचो, दोन माणसे आणि दोन मुले. "तसे नाही सर." कसे, ते कुणी सांगत नसे. अकरा घरे अशी गेली. बारावे मिळाले. मालक स्वतः परदेशी होते आणि त्यांना वेळेवर भाडे हवे होते. मालकांची हरकत नव्हती, पण सोसायटीचा फॉर्म होता.

तो फॉर्म चार पानी होता. नाव, वय, नोकरी, मूळ गाव. मागचे तीन पत्ते आणि तिथे किती वर्षे राहिलात ते. घरी नेहमी येणारे नातेवाईक, त्यांची नावे, त्यांचे फोन. शाकाहारी की मांसाहारी. धर्म. जात, आणि तिच्यापुढे कंसात "असल्यास". पुण्यातील दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे, आणि त्या दोन्ही व्यक्ती "शक्यतो सोसायटीच्या परिचयाच्या" हव्यात. आम्ही पुण्यात येऊन पंधरा दिवस झाले होते. शेजारच्या फ्लॅटमध्येही त्याच महिन्यात भाडेकरूच आले, गोड माणसे. त्यांच्याकडून फक्त कराराची प्रत घेतली, हे त्यांनीच आम्हांला सहज बोलताना सांगितले. चार पाने कशाची, असे त्या वहिनी आश्चर्याने विचारत होत्या. आणि जे घराचे मालक म्हणून राहत होते त्यांच्यासाठी एक अर्धे पान होते. नाव, फ्लॅट नंबर, फोन, गाडीचा नंबर.

१३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला. निरपराध माणसे गेली. आमचे शहर हादरले, आम्हीही हादरलो. त्यानंतर भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचा आग्रह वाढला, आणि त्याबद्दल आमची तेव्हा तक्रार नव्हती, आजही नाही. मात्र कायद्याने ही जबाबदारी कुणाची, हे आम्ही त्या निमित्ताने वाचून काढले. पोलीस आयुक्त फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढत आणि तो मोडला तर भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लागे. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, आता हीच कलमे १६३ आणि २२३ झाली आहेत. आदेश असतो घरमालकाला. त्याने भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारीही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाचीच. यात सोसायटी कुठे येते? तिने मालकाकडून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत घ्यावी, एवढ्यापुरती. पण आमच्या सेक्रेटरींनी स्वतःच निम्मे पोलीस ठाणे उघडले होते. ते रविवारी सकाळी यायचे, दारातच उभे राहून विचारायचे, "परवा रात्री पाहुणे कोण होते?" माणूस वाईट नव्हता. मुलीला ताप आला तेव्हा यांनीच रात्री स्कूटर काढली. पण पाहुण्यांचे नाव लिहून घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

दुसऱ्या एका सोसायटीत आम्ही एकदा विचारायला गेलो असताना चेअरमन आम्हांला म्हणाले, "सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सोसायटीला आपली माणसे निवडायचा अधिकार आहे." निकाल आहे, हे खरे. एप्रिल २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात तो लागला. संस्था १९२६ पासूनची, केवळ पारशांसाठी असल्याचा पोटनियम तिने नोंदवलेला, आणि न्यायालयाने तो पोटनियम वैध ठरवला. आम्हांला तो निकाल तेव्हाही पटला नव्हता. पण निदान तिथे लिखित, नोंदणीकृत पोटनियम होता. या चेअरमनांच्या सोसायटीचे पोटनियम सरकारी नमुन्याचे होते, त्यात असले काही नव्हते. उलट महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात कलम २३ आहे, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही असे सांगणारे. हे कलम घर विकत घेणाऱ्याच्या कामाचे. भाडेकरूला त्याचा आधार कसला? त्याला कुणी लेखी नाही म्हणतच नाही. त्याला फॉर्म देतात, फॉर्म परत घेतात, आणि कळवतो म्हणतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घरे नाकारली जाण्याचा उल्लेख आहे. आमच्यासारख्या किती जणांचे भरलेले फॉर्म कुठकुठल्या कपाटांत पडून असतील! घर मिळाले नाही, माहिती मात्र तिथेच राहिली.

कुणी म्हणेल, राहिली तर राहिली, त्यात काय मोठेसे? आमच्या मुंबईच्या मामूंना हे विचारावे. १९९३ च्या जानेवारीत त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर लाकडी फलक होता. पांढऱ्या अक्षरांत मजला, खोली नंबर, नाव. चोवीस नावांत तीन आपली. एका रात्री शेजाऱ्यांनीच तो फलक उतरवला आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवला. मामींनी आपल्या दारावरची पितळी पाटी काढून पिठाच्या डब्यात ठेवली. त्या दिवसांत मुंबईत किती दारांवरच्या पाट्या अशा उतरल्या त्याची गणती नाही. वर्षानुवर्षे तो फलक पोस्टमनच्या सोयीसाठी होता. तीच अक्षरे, तोच रंग, आणि आठवड्याभरात त्याचा अर्थ बदलला. मामू अजून सांगतात की फलक उतरवणारे शेजारी दुसऱ्या धर्माचे होते. ते सांगतात आणि मग गप्प होतात. त्यानंतर त्यांनी दारावर पाटी लावली नाही, नुसता नंबर.

तर २०१२ मध्ये आम्ही कोंढव्यात घर घेतले. कर्ज मोठे होते, पण आता चार पानी फॉर्म नको या एका गोष्टीसाठी आम्ही हात आखडता घेतला नाही. छप्पन्न घरांची इमारत, पन्नासेक घरे आपली. इथे कुणी नावाने दचकणार नव्हते. पहिल्याच आठवड्यात वॉचमन एक कागद घेऊन वर आला. सोसायटीचा फॉर्म. त्यात धर्माचा रकाना नव्हता, खरेच नव्हता. जातीचाही नव्हता. त्याऐवजी होता "जमात व मसलक". खाली "कोणत्या मस्जिदमध्ये नमाज अदा करता". आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मग हसू आवरेना. खैर, हसून झाले.

भाडेकरूंचा फॉर्म वेगळा होता, तो आम्ही नंतर पाहिला. एकट्या पुरुषाने भावाचे किंवा वडिलांचे हमीपत्र द्यायचे. एकट्या बाईला घर देऊ नये, असा ठरावच होता. द्यायचेच झाले तर तिच्या घरच्या पुरुषाचे नाव, नाते, फोन आणि तो महिन्यातून किती वेळा येणार हे लिहायचे. जी वागणूक आम्हांला शहराच्या दुसऱ्या बाजूला मिळाली तिची ही हुबेहूब नक्कल होती, शाई तेवढी हिरवी. पुण्यात आम्हांला अकरा घरे नाकारली गेली हे ज्या चाचांना आम्ही रागाने सांगितले, त्यांनीच हा ठराव मांडलेला होता. ते म्हणाले, "वो अलग बात है. अपने यहां बहू-बेटियां रहती हैं." तिकडचे चेअरमनही बहुधा असेच काही म्हणत असतील.

२०१७ च्या सभेत सेक्रेटरीपद आमच्या गळ्यात पडले. कागदावर नाव एकाचे, काम दोघांचे. किल्ल्या मिळाल्या, लोखंडी कपाट मिळाले. वरच्या कप्प्यात कायद्याने ठेवायच्या वह्या. त्यात सभासदांची नोंदवही, जिला नमुना 'आय' म्हणतात. ती आम्ही पहिल्यांदा नीट पाहिली. नाव, पत्ता, व्यवसाय, प्रवेशाच्या दिवशीचे वय, भागांचा तपशील, नामनिर्देशित वारसाचे नाव, सभासदत्व संपल्याची तारीख व कारण. बस्स. सरकारला सोसायटी चालवायला सभासदाबद्दल एवढेच लागते. धर्म नाही, जात नाही, मसलक नाही, पाहुणे नाहीत. बाकी जे काही होते ते खालच्या दोन कप्प्यांत होते आणि ते आपल्या हौसेने जमवलेले होते.

त्या दोन कप्प्यांत दीडशेच्या वर फायली निघाल्या. इमारतीत भाड्याची घरे पंधरा-सोळा, पण दहा-बारा वर्षांत येऊन गेलेली सगळी माणसे तिथे होती. रेशनकार्डांच्या झेरॉक्स, पॅन, आधार, पासपोर्टची पाने, निकाहनाम्याची प्रत. निकाहनामा कशाला घेतला असेल? एका फाइलीत तलाकनामाही होता. एका तरुण मुलाच्या फाइलीवर लाल शाईत लिहिले होते, "रात को देर से आता है." तो मुलगा कॉल सेंटरला होता, रात्री उशिरा यायचाच. तो इमारत सोडून सहा वर्षे झाली होती, शेरा तिथेच होता. यात खोटे काही नव्हते. पण सहा वर्षांनी ते वाचणाऱ्याला कॉल सेंटर कुठे दिसणार?

कमिटीत विषय काढला तेव्हा एकाने सुचवले, रद्दीवाल्याला देऊन टाकू, चारशे रुपये येतील. आधारच्या प्रती रद्दीत! आम्ही नाही म्हटले. तीन संध्याकाळी मुलांना घेऊन बसलो आणि सोडून गेलेल्यांचे कागद हाताने फाडले, बादलीत भिजवले, लगदा करून टाकला. मुलगी दहावीला होती. मध्येच एखादा फोटो हातात धरून विचारायची, "अब्बा, हे कोण?" आम्हांला ठाऊक नव्हते. वर्षभर आपल्या डोक्यावर राहून गेलेली माणसे, त्यांच्या आईचे नाव आमच्या कपाटात, आणि चेहरा ओळखीचा नाही.

हे चालू असतानाच एक गोष्ट घडली. तिसऱ्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहत होत्या, बारा वर्षांच्या मुलासह. दवाखान्यात नर्स. एकट्या बाईचा ठराव असूनही त्यांचे घरमालक खमके म्हणून त्या आल्या होत्या. आमच्या फाटकावर टेबल आणि टेबलावर उघडी वही. नाव, फ्लॅट नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. भाडेकरूंनी रात्री दहानंतर येताना सही करायची असा नियम, मालकांना नाही. बाईंची पाळी बदलती असे, त्यामुळे महिनाभराच्या सह्या पाहिल्या तर कोणत्या दिवशी त्या रात्री बाहेर आणि मुलगा घरी एकटा, हे कुणालाही कळावे. ते त्यांच्या आधीच्या नवऱ्याने पाहिले. दोन-तीनदा पाहुणा म्हणून आला, दुसऱ्याच फ्लॅटचा नंबर सांगून टेबलाशी उभा राहिला, मोबाइलमध्ये पानांचे फोटो घेतले. वॉचमनला वाटले, बिल असेल कसले. मग एका रात्री तो मुलाला न्यायला आला. मुलाने दार उघडले नाही, समोरच्या भाभींना फोन केला, माणसे जमली, तो गेला. पुढे पोलीस, तक्रार, वकील. ते सारे बाईंनी एकटीने निस्तरले.

आम्ही ती वही घरी आणून पाहिली. पानापानावर त्यांची सही. सोसायटीच्या सुरक्षेसाठी लिहिलेली प्रत्येक ओळ त्या माणसाला वेळापत्रक म्हणून उपयोगी पडली होती. दुसऱ्या दिवसापासून वही टेबलाच्या खणात गेली आणि रात्रीच्या सहीचा नियम बंद झाला. त्यावर दोन सभासदांनी लेखी हरकत घेतली. चाचांनी विचारले, "सीधे आदमी को छुपानेका क्या है?" बाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चाचा, मुझे मेरी ड्यूटी छुपानी थी." चाचा काही बोलले नाहीत. पण हरकत त्यांनी मागे घेतली नाही.

माहिती ठेवूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट काही माहिती आमच्याकडे नव्हती तिची आम्हांला लाज वाटली. वरच्या मजल्यावर शॉर्टसर्किट होऊन धूर झाला तेव्हा कोणत्या घरात उठता न येणारे म्हातारे माणूस आहे, हे कमिटीत कुणाला सांगता आले नाही. मसलक ठाऊक होता, अर्धांगवायू ठाऊक नव्हता. नंतर आम्ही दारोदार जाऊन ती यादी केली. २०२० च्या टाळेबंदीत तिचाच उपयोग झाला. साठीपुढची एकटी माणसे आठ निघाली, त्यांची औषधे आणायची पाळी मुलांनी वाटून घेतली.

त्या आधीच्या हिवाळ्याची गोष्ट निराळी. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा संसदेत मंजूर झाला आणि आपल्याकडे घराघरांत ट्रंका उघडल्या. शाळेचा दाखला, आजोबांची सातबारावरची नोंद, नावातल्या ह्रस्व-दीर्घाचे फरक. जी माणसे "छुपानेका क्या है" म्हणत होती तीच रात्री येऊन हळूच विचारू लागली, सोसायटीत आमचे काय काय कागद आहेत, कुणाला देणार तर नाही ना? एके दुपारी गळ्यात ओळखपत्रे घातलेले दोघे आले. पाहणी करतो म्हणाले, सगळ्या रहिवाशांची यादी द्या. कुणाची पाहणी, असे विचारले तर फोन नंबर दिला, पत्र नव्हते. लेखी पत्र आणा, कमिटीपुढे ठेवतो, असे सांगून आम्ही त्यांना चहा दिला. ते परत आले नाहीत. कदाचित साबणाची कंपनीही असेल.

मग मार्च-एप्रिल २०२०. दिल्लीच्या निजामुद्दीनच्या इज्तिमाच्या बातम्या आल्या आणि आमच्या फोनला उसंत राहिली नाही. दुसऱ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी विचारत, तुमच्याकडे तिकडून कोण आले का, नावे द्या. पालिकेला जी माहिती द्यायची ती आम्ही देत होतोच. पण शेजारच्या सोसायटीला नावे कशाला? आमच्या इमारतीतल्या दोन बायका पलीकडच्या संकुलात पोळ्या करायला जात. त्यांचा पत्ता तिथल्या कामवालीच्या नोंदीत होता, त्या नोंदीवरून त्यांना सर्वांच्या नंतर चार महिन्यांनी आत घेतले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. निकाल त्या दोघींच्या नोंदीपर्यंत कसा पोचणार?

२०२१ मध्ये आम्ही एक पानाचा फॉर्म सभेपुढे ठेवला. मालक आणि भाडेकरू, दोघांना एकच. नाव, फ्लॅट, फोन, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचे, गाडीचा नंबर, घरात उठता-बसता न येणारे कुणी आहे का. भाडेकरूसाठी वर फक्त करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत. घर सोडल्यावर तीन महिन्यांत कागद परत किंवा नष्ट. कपाट उघडताना दोघांच्या सह्या. मसलकाचा रकाना काढायचा, एकट्या बाईचा ठराव रद्द करायचा. चर्चा पावणेदोन तास चालली. एक तरुण सभासद म्हणाले, मसलक विचारला नाही तर मय्यत झाल्यावर कुठे कळवायचे? प्रश्न खरा होता. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचे' त्याला कळवायचे, असे उत्तर नर्सबाईंच्या घरमालकांनी दिले आणि हशा झाला. फॉर्म २७ विरुद्ध १९ ने मंजूर झाला. एकट्या बाईचा ठराव मात्र २३-२३ झाला, आणि अध्यक्षांच्या मताने तसाच राहिला. त्याची अंमलबजावणी कुणी करत नाही, पण तो इतिवृत्ताच्या वहीत आहे.

पुढच्याच वर्षी दोन स्कूटर चोरीला गेल्या आणि फाटकावर ॲप आले. आता वही नाही, वॉचमनच्या हातात मोबाइल. कोण आले, कुणाकडे आले, फोटो, वेळ, सगळे कुठेतरी साठते. कुठे, ते वॉचमनला ठाऊक नाही, चेअरमनांनाही नाही. खणात टाकून कुलूप लावता येईल असे ते नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. कशासाठी माहिती घेता ते सांगा, संमती घ्या, काम झाले की पुसा, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण तो संगणकात गेलेल्या माहितीपुरता. कागदाची वही त्याच्या बाहेर. म्हणजे लाल शाईतला शेरा अजूनही कुणाच्या कायद्यात बसत नाही.

आम्ही हे सारे लिहून कमिटीला दिले. यंदाच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर सातवा विषय म्हणून ते आले आहे: फाटकावरच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या. आम्ही नव्वद दिवस सुचवले आहेत, चेअरमन साहेब तीन वर्षे म्हणतात. आठवा विषय, तो एकट्या बाईचा ठराव. तो या वेळी नर्सबाईंच्या घरमालकांनी मांडला आहे आणि अनुमोदक म्हणून चाचांची सही आहे. का, ते त्यांनी सांगितले नाही. त्यांची धाकटी मुलगी गेल्या पावसाळ्यात हैदराबादला नोकरीला लागली, तिथे ती घर शोधते आहे, एवढे आम्हांला ठाऊक आहे. सभा रविवारी, जोहरच्या नमाजनंतर, गच्चीवर.